आडातला हंसराज

गोदाकाठचा ऊस सोडला, तर सोनपेठ तालुक्यात मे महिन्यात हिरवं पान बघण्यासाठी खाली वाकावं लागतं. बांधावरचं गवत तोवर मोडून मातीत मिसळायला लागलेलं असतं. काळ्या रानाला हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. अशा दिवसांत एखाद्या जुन्या बांधीव विहिरीच्या काठावर पालथं पडून आत डोकावलं, की खाली, पाण्याच्या चार-पाच हात वर, दगडांच्या सांध्यांतून केसांच्या बटांसारखं काहीतरी लोंबताना दिसतं. पोपटी, नाजूक, आणि वाऱ्याची झुळूकही नसताना हलणारं. वर बेचाळीस अंशांची भट्टी आणि खाली ही हिरवी झालर.

हा हंसराज. शास्त्रीय नाव अडियांटम कॅपिलस-व्हेनेरिस. याला फूल येत नाही, फळ येत नाही, बी तर नाहीच, कारण हे नेचं आहे. नेचं म्हटलं की आपल्याला कोकण, आंबोली, महाबळेश्वर आठवतं. मराठवाड्यातल्या पोराला नेचं भेटतं ते जीवशास्त्राच्या पुस्तकातल्या आकृतीत. ते आपल्याच शेतातल्या विहिरीत बापजाद्यांच्या काळापासून लोंबतंय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मलाही कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. म्हणून या पुस्तकात हंसराजाला एक अख्खं प्रकरण दिलं आहे.

आधी एक पान हातात घेऊन बघू. देठ बारीक, काळाभोर आणि चकचकीत, घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा. त्याला आणखी बारीक फाटे, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला उघड्या पंख्याच्या आकाराचं एक इवलंसं पर्ण. पर्ण इतकं पातळ, की उजेडाकडे धरलं तर त्यातल्या शिरा मोजता येतात. मधली जाड शीर नाहीच. तळापासून निघालेली शीर दोनात फुटते, ती दोन पुन्हा चारांत, आणि असं करत सगळ्या कडेपर्यंत पोचतात. आता पान उलटं करा. पंख्याची कड जागोजाग आत दुमडलेली दिसेल, धोतराच्या काठाला शिवण घालावी तशी. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर त्या दुमडीखाली तपकिरी कणांची रास दिसते. त्या कणांत बीजाणू असतात. बहुतेक नेच्यांत या राशी पानाच्या पाठीवर असतात. अडियांटमच्या कुळीत त्या दुमडलेल्या पदराच्या आतल्या अंगालाच चिकटलेल्या असतात. एवढी एक खूण पटली की कुळी पटली.

दुसरी खूण त्याहून सोपी आहे. पान बादलीत बुडवा. पाण्याखाली ते चांदीच्या पत्र्यासारखं झळकतं, कारण पानावर हवेचा पातळ थर अडकतो. बाहेर काढलं की कोरडं ठणठणीत. ग्रीक वनस्पतिज्ञ थिओफ्रॅस्टस याने तेवीसशे वर्षांपूर्वी हेच पाहून ठेवलं होतं, आणि अडियांटम या नावाचा अर्थच मुळी ‘न भिजणारं’. पुढचं कॅपिलस-व्हेनेरिस म्हणजे व्हीनस देवीचे केस. पाण्याशिवाय न जगणारं आणि पाण्यात बुडवलं तरी न भिजणारं हे झाड लिनियसने १७५३ साली आपल्या मोठ्या ग्रंथात नोंदवलं.

मराठी नावांचा मात्र थोडा गुंता आहे. हंसराज म्हणून लोक एकच झाड दाखवत नाहीत. विहिरीतला तो हंसराज, आणि पावसाळ्यात ओढ्याच्या दरडीवर, बांधाच्या ओलसर बाजूला उगवणारा तोही हंसराज. या दुसऱ्याला काही ठिकाणी घोडखुरी म्हणतात, आणि ते नाव फार चपखल आहे. त्याचं पान फाटे न फुटता सरळ एका काडीसारखं जातं आणि काडीच्या दोन्ही बाजूंना अर्धचंद्राच्या आकाराची पर्णं ओळीने लागतात. चिखलात उमटलेल्या शिंगराच्या खुरांसारखी. त्याचं शास्त्रीय नाव अडियांटम लुनुलॅटम, म्हणजे चंद्रकोरीचं. काही ग्रंथांत त्यालाच फिलिपेन्स म्हटलेलं सापडतं. मृगाचा पाऊस बरा झाला की तो जमिनीतल्या गड्ड्यातून फुटतो, आणि दिवाळीच्या आसपास वाळून नाहीसा होतो. विहिरीतला हंसराज बारमाही, दरडीवरचा चौमाही. दरडीवरच्याला एक खोडी आहे. पानाचं टोक काडीसारखं लांबत जातं, वाकून जमिनीला टेकतं, आणि टेकल्या जागी मूळ धरून नवं झाड उभं करतं. तेही पुढे वाकतं. एका पावसाळ्यात एखादं झाड असं हातभर पुढे ‘चालून’ जातं. खडकाळ भागात याचा तिसरा भाऊ भेटतो, अडियांटम इन्सायसम. तोही असाच चालतो, पण त्याच्या अंगावर बारीक लव असते आणि पर्णांच्या कडा कातरलेल्या असतात.

या तीन निरनिराळ्या जातीच आहेत, रूपं नव्हेत. खरा प्रश्न पुढे सुरू होतो, आणि तो एकट्या विहिरीतल्या हंसराजाबद्दल आहे. शेतातल्या विहिरीत, झऱ्याच्या तोंडाशी त्याची पानं हातभर लोंबतात, पर्णं मोठी आणि फिकी असतात. तोच हंसराज एखाद्या पडक्या बारवेच्या पायरीखालच्या चिरेत वितभरच राहतो. पर्णं नखाएवढी, गडद, कडेला खोल कातरे. दोन्ही शेजारी ठेवले तर नवखा माणूस शपथेवर सांगेल की ही दोन वेगळी झाडं आहेत. मग हा फरक जागेचा की रक्ताचा?

याचं उत्तर मिळवायची रीत जुनी आणि साधी आहे. दोघांना एकाच मातीत, एकाच पाण्यावर, एकाच सावलीत वाढवायचं. मी घराच्या उत्तरेच्या भिंतीशी, न्हाणीघराच्या पाण्याच्या वाटेवर, एका पसरट कुंडीत विटांचा चुरा आणि जुना चुना घालून दोन्हीकडचे गड्डे शेजारी लावले. जुनी पानं आठवड्यातच करपली. महिन्याने नवे कोंब आले, गोगलगाईच्या शंखासारखे गुंडाळलेले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणता कोंब विहिरीचा आणि कोणता बारवेचा, हे कुंडीवरची खडूची खूण वाचल्याशिवाय सांगता येईना. म्हणजे माझ्या दोन झाडांपुरता तरी तो फरक जागेचा होता. पाण्याने लांब केलेलं पान आणि चिरेने आखूड केलेलं पान, एवढंच.

अमेरिकेत अशाच फरकांवरून हंसराजाच्या काही स्थानिक उपप्रकारांना वेगवेगळी नावं दिली गेली. पुढे अभ्यास वाढला, तेव्हा एका रूपातून दुसऱ्यात सरकणारी इतकी झाडं सापडली की तिथल्या तज्ज्ञांनी ते उपप्रकार वेगळे मानणं सोडून दिलं. वनस्पतींना नावं देणं हे मोठं काम आहे, पण एकदा दिलेलं नाव परत घेणं त्याहून मोठं, असं मला अशा वेळी वाटतं.

तरीही सगळाच फरक जागेचा असतो असंही नाही. ब्रिटनमध्ये हा हंसराज समुद्राच्या कड्यांवर, चुन्याचं पाणी पाझरतं अशा मोजक्या ठिकाणी राहतो. तिथल्या वसाहतींचा जनुकीय अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. एका कड्यावरची झाडं आपसात जवळजवळ सारखी निघाली, पण या कड्याची आणि त्या कड्याची झाडं निराळी. डोळ्यांना सगळी सारखीच दिसत होती. म्हणजे आपल्या कुंडीतल्या गोष्टीच्या नेमकं उलट: तिथे रूप एक, रक्त वेगळं. दरडीवरच्या चंद्रकोरी हंसराजाची तऱ्हा याहून गुंतागुंतीची. भारतात त्याची दोनपट, तिप्पट आणि चौपट गुणसूत्रांची झाडं नोंदवली गेली आहेत. तिप्पटवाल्यांना नर-मादी पेशींचं मीलन जमत नाही, म्हणून ती मीलनाला फाटा देऊन आईची हुबेहूब प्रत काढत राहतात. अशा झाडाचा एखादा बारीक विशेष पिढ्यानपिढ्या तसाच उतरतो. एका गावच्या दरडीवरचा चंद्रकोरी हंसराज आणि पलीकडच्या गावचा, यांच्यात खरा, कुंडीत लावूनही न जाणारा फरक असू शकतो तो यामुळे.

आता विहिरीकडे परत येऊ. ब्रिटनचे कडे आणि आपल्या विहिरी यांच्यात एक साम्य आहे. हंसराजाच्या दृष्टीने दोन्ही बेटं आहेत. या विहिरीपासून त्या विहिरीपर्यंत अर्धा कोस सोयाबीन आणि कापूस, आणि त्या उन्हात हंसराज एक दिवस टिकायचा नाही. मग तो गेला कसा?

बीजाणू असलेल्या प्रत्येक डबीभोवती जाड पेशींचं अर्धवट कडं असतं. हवा कोरडी झाली की त्या पेशींतलं पाणी उडतं आणि कडं धनुष्यासारखं मागे ताणलं जातं. ताण असह्य झाला की आतल्या पाण्यात एकदम बुडबुडे फुटतात, कडं फटकन मिटतं आणि बीजाणू भिरकावले जातात. भिंगाखाली उन्हात पान धरलं तर हे डोळ्यांनी दिसतं. मोहरी तडतडावी तसे कण उडतात. एका डबीत साधारण चौसष्ट बीजाणू, एका पानावर असंख्य डब्या. विहिरीतून वर येणाऱ्या हवेबरोबर ते बाहेर पडतात आणि वारा नेईल तिकडे जातात. बहुतेक सगळे रानात पडून मरतात. एखादा दुसऱ्या विहिरीत उतरतो, ओल्या दगडावर चिकटतो.

आणि तिथे उगवतं ते हंसराज नव्हे. तिथे उगवतं नखाहून लहान, बदामाच्या आकाराचं, एका पेशीच्या जाडीचं हिरवं पापुद्र्यासारखं काहीतरी. शेवाळ म्हणून आपण त्यावरून पाय घसरू देतो. पण ती हंसराजाचीच दुसरी पिढी आहे. तिच्या पोटाखाली नर पेशी आणि स्त्रीबीज तयार होतं, आणि दगडावरच्या पाण्याच्या पातळ थरातून नर पेशी पोहत स्त्रीबीजापर्यंत जाते. त्या मीलनातून पहिलं खरं पान उठतं. गंमत अशी की दोन्ही पेशी त्याच एका पापुद्र्यावर तयार होऊ शकतात. म्हणजे नव्या विहिरीत एकच बीजाणू पोचला तरी तो एकटा अख्खी वसाहत उभी करू शकतो. एका कड्यावरची सगळी झाडं सारखी का निघाली, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. आपल्या एखाद्या विहिरीतला सगळा हंसराज अशा एकाच कणाची प्रजा असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

त्या कणाला अंधारात दिसतं कसं, हा शोध मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो. विहिरीत उजेड वरून, एका गोल तुकड्यातून येतो, तोही अंधुक. बहुतेक झाडं उजेडाकडे वळतात ती प्रकाशातल्या निळ्या भागाच्या आधाराने. हंसराज मात्र तांबड्या प्रकाशाकडेही वळतो. जपानमध्ये मासामित्सु वादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं याच जातीवर काम केलं, आणि १९९८ साली हंसराजात एक असं प्रथिन सापडलं की ज्याचं एक टोक तांबडा प्रकाश ओळखतं आणि दुसरं निळा. दोन डोळ्यांचं काम एकच रेणू करतो, त्यामुळे अगदी मंद उजेडातही झाडाला दिशा कळते. पुढे त्याला निओक्रोम हे नाव पडलं. हे प्रथिन नेच्यांनी स्वतः घडवलेलं नाही, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. शृंगशेवाळ म्हणावं अशा, शिंगासारखे कोंब येणाऱ्या एका अगदी वेगळ्या गटातल्या वनस्पतींकडून ते जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी नेच्यांत आलं. आईबापांकडून नव्हे, शेजाऱ्याकडून. ओल्या दगडावर दोघंही दाटीवाटीने वाढत असतात, ही एवढी एकच ओळख त्यांच्यात होती.

हंसराजाचा संपूर्ण जनुकसंच २०२२ साली वाचून झाला. तो माणसाच्या जनुकसंचाहून मोठा आहे, जवळपास दीडपट. विहिरीत बादली सोडताना हाताला घासून जाणाऱ्या त्या पानात एवढा मजकूर आहे.

जागेबद्दल आणखी थोडं. हंसराजाला चुना आवडतो. आपल्या काळ्या रानात खाली चुनखडीचे खडे असतात, विहिरीचं पाणी जड असतं, आणि जुनी बांधकामं चुन्यात केलेली. दगड खालचा काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा. पाणी झिरपतं ते दोन थरांच्या मधून, आणि हंसराजाची ओळ नेमकी तिथेच असते. त्याच सुमाराला पृथ्वीवर मोठा संहार झाला, डायनोसॉर संपले. उत्तर अमेरिकेतल्या त्या काळाच्या गाळाच्या थरांत, संहाराच्या रेषेच्या लगेच वर, फुलझाडांचे परागकण घटतात आणि नेच्यांच्या बीजाणूंची एकदम गर्दी होते. जळून ओसाड पडलेल्या जमिनीवर आधी नेची आली. विहीर नवी खणली, की उघड्या पडलेल्या दगडावर पहिल्यांदा येणाऱ्यांत हीच मंडळी असतात.

जगात इतरत्रही हा अशाच जागा धरून बसलेला आहे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या वाळवंटी कड्यांवर जिथे पाणी पाझरतं तिथे त्याच्या हिरव्या झालरी आहेत. कॅनडाच्या गोठवणाऱ्या थंडीत तो फेअरमाँटच्या गरम झऱ्यांच्या काठी जगतो. आपल्याकडे उन्हापासून लपायला विहीर, तिकडे बर्फापासून लपायला झरा.

विहिरीच्या भिंतीवर त्याला शेजारही आहे. शिडीसारख्या लांब पानाचं टेरिस व्हिटाटा नावाचं नेचं बऱ्याच ठिकाणी त्याच्याजवळच दिसतं. जमिनीतलं आर्सेनिक ओढून पानांत साठवण्याची त्याची अचाट क्षमता २००१ साली अमेरिकेत लक्षात आली, आणि आता दूषित जमीन साफ करायला त्याचा उपयोग करतात. वरच्या कोरड्या चिरांत मयूरशिखा असते, ताडाच्या इवल्या पंख्यासारखी. उन्हाळ्यात ती मूठ आवळून सुकून जाते आणि पहिल्या पावसात काही तासांत उघडते. हंसराजाला ही विद्या नाही. त्याचा दगड सुकला की तो गेला.

औषध म्हणून हंसराज फार जुना. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने त्याचे गुण लिहिले, युनानी वैद्यकात तो परसियावशान या नावाने खोकल्यावर दिला जातो, युरोपात त्याच्या पाकाचं सरबत निघालं आणि लिस्बनमध्ये त्या सरबताचं नाव, कापिले, अजून चालतं. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात हंसराज मागितला तर वाळलेली काळ्या देठांची जुडी मिळते. त्या जुडीत कधी विहिरीतला असतो, कधी दरडीवरचा. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, की स्वतः उपटून काढा करू नये. शिडीच्या पानाचं नेचंही त्याच भिंतीवर असतं, आणि त्याच्या पानांत काय साठतं ते वर सांगितलंच आहे.

ब्लॅटर आणि डी’अल्मेडा यांनी १९२२ साली मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर पुस्तक लिहिलं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, इलाख्याच्या हद्दीबाहेर. आमच्या विहिरी त्या पानांत यायच्या राहिल्या. आणि आता विहिरीच कमी होत चालल्या आहेत. बोअरच्या सहा इंची नळीत हंसराजाला जागा नाही. पाणी खाली गेलं की वरचा झिरपा आटतो. २०१६ च्या उन्हाळ्यात, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षी, मी पाहिलेल्या विहिरींत हंसराजाचे नुसते काळे देठ उरले होते.

त्यातली एक विहीर मला जास्त माहितीची आहे. तिचे मालक सत्तरीचे, मोट चालवलेले. मी काठावर पडून खाली बघत होतो तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले.

“काय बघायलाव, सर?”

“काका, ती काळी काडं आहेत ना, ती कुठंकुठं आहेत ते लिहून घेतोय.”

“ती दाढी हाये हिरीची,” ते म्हणाले. “जिथं दाढी, तिथं झिरा. वाळली तरी उपटू नये. आडवं बोअर मारायला आले का आमी त्येलाच बोट दाखवतो, हितं घाला म्हनून.”

त्यांनी बोटाने दाखवलेल्या जागा मी वहीत मांडल्या: मोटेच्या खाचेखाली तिसऱ्या थरात एक, पूर्वेच्या कोनाड्याशेजारी दोन, आणि पायट्यांच्या तळाशी एक लांब ओळ. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पुन्हा गेलो तेव्हा पोळा होऊन गेला होता. विहीर अर्धी भरली होती, पायट्यांची ओळ पाण्याखाली. कोनाड्याशेजारी काही नव्हतं. मोटेच्या खाचेखाली, तिसऱ्या थरात, जुन्या काळ्या देठांच्या मधून सात कोंब वर आले होते, अजून न उलगडलेले, प्रत्येकाच्या टोकाला तांबूस गुंडाळी.